पोचपावतीचा दिवा

आमच्या धाकट्याला ऑफिसात सगळे ‘खात्री’ म्हणतात. नाव ठेवलं चेष्टेनंच, पण मेल्याला त्याचा केवढा अभिमान! बाहेर पडताना गॅस बंद केल्याची खात्री, कुलूप ओढून बघायची खात्री, जिना उतरला की पुन्हा वर जाऊन तेच कुलूप ओढायची खात्री. लग्न का नाही केलंस म्हणून कुणी विचारलं तर म्हणतो, "खात्री पटली नाही." कुणाची, तिची की स्वतःची, ते मात्र सांगत नाही. मी त्याची थोरली बहीण. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकते, त्यामुळे माझं डोकं जरा लवकर तापतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणाला बोलले तर वाईट वाटून घेऊ नका.

त्याचं नेमकं काम काय, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. प्रोग्राम लिहितो एवढं ठाऊक होतं. एकदा जेवताना विचारलं तर म्हणाला, "सध्या लायब्ररीचं व्हर्जन तपासायचं काम आहे." मी म्हटलं, "वा! एवढं शिकून शेवटी पुस्तकंच मोजायची?" बाबांना हसता हसता ठसका लागला. तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं आणि मला नीट समजावलं. एखादी खासगी गोष्ट इंटरनेटवरून पाठवायची तर तिला कुलूप घालून पाठवावी लागते. ते कुलूप कुणी घरी बसून घडवत नाही. जाणत्या लोकांनी घडवलेल्या कुलपांचा तयार संच मिळतो, तो आपल्या प्रोग्रामला जोडायचा. त्या संचाला हे लोक क्रिप्टोग्राफीची लायब्ररी म्हणतात. कुलपात खोट सापडली की घडवणारे सुधारलेला संच काढतात आणि त्याला पुढचा नंबर देतात. मग प्रोग्रामनं कामाला लागण्याआधी विचारायचं, बाई गं, तू कितव्या नंबरची? नंबर लहान निघाला तर दारातूनच परत.

"म्हणजे मी औषधाच्या पट्टीवरची तारीख बघते तसंच की," मी म्हटलं.

"तसंच," तो म्हणाला. "फक्त तू कधी कधी चष्मा विसरतेस."

त्याच्या या तपासणीच्या जेमतेम चार-पाच ओळी होत्या. त्या त्यानं मला स्क्रीनवर दाखवल्या, एखाद्यानं पोराचा फोटो दाखवावा तशा. म्हणाला, या ओळी लिहिताना भलेभले दोन ठिकाणी आपटतात. काहीजण नंबर शब्दकोशातल्या अक्षरांसारखे लावतात, मग एकानं सुरू होणारं दहा नऊच्या आधी येतं आणि नवी लायब्ररी जुनी ठरते. काहीजण प्रोग्राम बांधताना जवळ कुठली लायब्ररी होती तेच विचारतात, आत्ता चालतेय ती कुठली हे विचारतच नाहीत. हा पठ्ठ्या दोन्हीकडे सांभाळून गेला होता. मला त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं, पण त्याचा चेहरा बघून मी ‘छान, छान’ केलं.

आता बाबांचं सांगते. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपावर होते. पाळीवर बसून काट्यांवर नजर ठेवायची, दाब वाढला की कमी करायचा, टाकी भरली की पंप बंद करायचा. जन्मभर हेच. पण त्याबद्दल ते असे बोलायचे जशी काही राज्याची जबाबदारी यांच्याच खांद्यावर होती. "लोक नळ सोडतात आणि विसरतात," म्हणायचे, "पण तिकडे कुणीतरी त्यांच्यासाठी जागा असतो." बदलीचा माणूस आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा नियम. मग तो बदलीचा कितीही उशिरा येवो. आई जेवण झाकून ठेवून ठेवून कंटाळायची.

आई गेली ती भर दुपारी, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या. बाबा त्याच खोलीत पेपर वाचत होते. तिला डोळा लागलाय असं वाटून त्यांनी उठून पंखा कमी केला, पडदा ओढला, आणि परत येऊन पेपर वाचत बसले. चहा घेऊन गेले तेव्हा कळलं. त्यानंतर बाबांची झोपच उडाली. ते मरणाला घाबरत नव्हते हो. आपण जाऊ आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, या एका गोष्टीची त्यांनी धास्ती घेतली होती. मला एकदा म्हणाले, "मी शेजारी बसून होतो आणि मला कळलं नाही. मग मला कोण बघणार?" मी म्हटलं, "बाबा, असं बोलू नका," आणि भांडी घासायला गेले.

पुढे त्यांच्याच हृदयाचे ठोके चुकायला लागले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या द्या आणि लक्ष ठेवा. धाकट्याची कंपनी नेमक्या त्याच कामाचे प्रोग्राम बनवायची: छातीवर एक पट्टी चिकटवायची, ती ठोके मोजणार, पलंगाशेजारच्या पेटीला देणार, आणि पेटी ते कुलूपबंद करून हृदयाच्या हॉस्पिटलात पाठवणार. तिथे चोवीस तास माणसं बसलेली. काही बिघडलं की तेच फोन करणार, तेच ॲम्ब्युलन्स पाठवणार. पेट्यांचा पहिला गट आला तेव्हा कंपनीनं आधी आपल्याच लोकांच्या घरी दिल्या, त्यातली एक धाकट्यानं बाबांसाठी आणली. केवढ्या दिमाखात आणली!

पेटीवर एक दिवा होता. हॉस्पिटलकडून ‘मिळालं’ अशी पोच आली की हिरवा, नाही आली तर नारिंगी. पेटी बसवायला आलेल्या माणसानं बाबांना सगळं समजावलं. छातीत दुखलं, घाबरं झालं, तर धावपळ करायची नाही. दार उघडं ठेवायचं आणि शांत बसून राहायचं. हिरवा दिवा आहे म्हणजे आम्ही बघतोय, आम्ही येतो. बाबांनी हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. शेवटी पंपावरचा माणूस, सूचना नीट घेतल्याशिवाय सोडतोय कुठला!

त्या पेटीनं बाबांना झोप परत दिली. खोटं नाही सांगत, आठवडाभरात चेहरा बदलला. सकाळी उठले की पेटीकडे बघून म्हणायचे, "काय ड्यूटीवरचे, बरं आहे ना?" मी चिडवायचे, "बाबा, तो ऐकत नाही, फक्त ठोके बघतो." तर म्हणायचे, "बघतो ना? मग झालं." त्यांच्या डोक्यात त्या दिव्यापलीकडे एक माणूस बसलेला होता, त्यांच्यासारखाच, काट्यांवर डोळे लावून, बदली येईपर्यंत न उठणारा.

मग त्या कुलपांच्या लायब्ररीत फट सापडली. जगभर बोभाटा झाला म्हणे, आपल्याला कुठलं कळायला! त्या फटीतून कुणीही शिरून कुणाचेही ठोके वाचू शकेल, किंवा खोटे ठोके पाठवू शकेल. कंपनीनं ठरवलं, हॉस्पिटलकडच्या यंत्रणेनं यापुढे प्रत्येक पेटीला लायब्ररीचा नंबर विचारायचा आणि नंबर लहान असेल तर तिचं काही ऐकूनच घ्यायचं नाही. हे काम द्यायचं कुणाला? अर्थात आमच्या खात्रीला! त्याच त्या चार-पाच ओळी त्यानं तिथे बसवल्या.

मीटिंगमध्ये एकानं शंका काढली होती. पहिल्या गटातल्या पेट्या बनवणाऱ्यांनी ती फट आधीच बुजवली होती, पण लायब्ररीचा नंबर जुनाच ठेवला होता. या धंद्यात अशी रीत आहे म्हणे. नंबर बदलला की त्याच्यावर विसंबलेल्या बाकीच्या गोष्टी रुसतात, म्हणून आतल्या आत डागडुजी करायची आणि पाटी तीच ठेवायची. तो माणूस म्हणाला, नंबर विचारू नका, फट आहे का ते तपासा. आमचा शहाणा म्हणाला, "बुजवली असं ते म्हणतात. खात्री काय? नंबर तो नंबर. एकाला सूट दिली की सगळे सूट मागतील." सगळ्यांना पटलं. नाहीतरी जुन्या पेट्या ठरलेल्या दिवसाच्या आत बदलून मिळणारच होत्या. कंपनीनं तसं सांगितलं होतं.

तो दिवस उजाडला, नव्या पेट्या काही उजाडल्या नाहीत. बनवणाऱ्याकडे माल अडकला होता. बाबांचा दिवा नारिंगी झाला.

मी त्या सकाळी बाबांकडे गेले तर ते खुर्चीत ताठ बसलेले. "ड्यूटीवर कुणी नाही वाटतं," म्हणाले. धाकट्यानं सांगितलं, दुरुस्ती चाललीये, होईल लवकर. बाबांनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. बदली आल्याशिवाय कुणी जागा सोडून जातं, हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्या दिवसापासून ते आडवे होईनात. मी म्हटलं, "माझ्याकडे चला, मी बसते तुमच्याजवळ." तर म्हणतात, "तू? तू तर सिनेमातपण झोपतेस!" खरंच होतं. डोळे खोल गेले, पेपर हातात उलटा धरून बसायला लागले. बघवत नव्हतं मला.

मी हॉस्पिटलच्या मदतीच्या फोनवर भांडले. तिकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या पेटीचा नंबर जुना आहे." मी म्हटलं, "अगं, पेटीत दोष नाहीये, फट बुजवलेली आहे." ती म्हणाली, "हो मॅडम, पण नंबर जुना आहे." मी म्हटलं, "तुला फट म्हणजे काय ते तरी माहितीये का?" ती म्हणाली, "नाही मॅडम." मग मला माझीच लाज वाटली. मला तरी कुठे माहीत होतं? आणि काउंटरवर मी काय वेगळं करते! पट्टीवरची तारीख उलटली की परत करते, आतली गोळी चांगली असली तरी.

धाकटा रोज आपल्या मॅडमच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहायचा. म्हणायचा, तपासणी बदलू द्या, नंबराऐवजी फट तपासू द्या, मी स्वतः लिहितो. मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अरे, ही यंत्रणा हॉस्पिटलात बसलेली आहे. एक अक्षर बदलायचं तरी वरच्या समितीची मंजुरी लागते. आणि बदलायचं म्हणून कारण काय देऊ? सूट नको असं मीटिंगमध्ये तूच म्हणालास, मी तसंच वर कळवलंय." त्यानं नवी पेटी तरी आधी द्या म्हटलं. तिची रांग लागली होती, आणि रांग दुखण्याच्या गांभीर्यावर. बाबा चालतेबोलते, स्वतः जिना उतरणारे. त्यांचा नंबर पार शेवटी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळी घरी यायचा आणि बूटही न काढता पलंगाच्या कडेवर बसून त्या नारिंगी दिव्याकडे बघायचा. मी जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

आणि एके दिवशी मी गेले तर दिवा हिरवा!

बाबा पलंगावर पालथे पडून घोरत होते, लहान पोरासारखे. मला एवढा आनंद झाला, की मी संध्याकाळी दुकानातून येताना केक घेऊन आले. बाबांनी दोन तुकडे खाल्ले. धाकट्यानं हातही लावला नाही, पोट बरं नाही म्हणाला. मी त्याला झापलं, "आता तरी हस की रे, मेल्या. झालं ना सगळं नीट? का याचीपण खात्री करायची राहिलीये?" तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, थकलाय बिचारा.

पुढचे दिवस कसे छान गेले! बाबा सकाळी पेटीशी बोलायला लागले, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत फिरून यायला लागले. धाकटा मात्र ऑफिसातून दिवसातून कितीदा तरी फोन करायचा. बाबा वैतागायचे, "अरे, तिकडे माणूस बसलाय माझ्यासाठी, तू कशाला जीव टाकतोस?"

त्या दुपारी मी दुकानात होते, धाकटा ऑफिसात. बाबांच्या समोरच्या दारात शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहतात. त्यांनी दार उघडलं तर बाबांचं दार सताड उघडं. बाबा आत दारासमोरच खुर्ची ओढून बसलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस विंचरलेले. बाईंनी हसून विचारलं, "काय, कुणी येणार आहे वाटतं?" बाबा म्हणाले, "हो, येतीलच आता." बाई म्हणाल्या, "बरं बरं," आणि आपल्या शिकवणीला लागल्या. शिकवणी संपवून पोरांना सोडायला बाहेर आल्या तेव्हाही दार तसंच. बाबा तसेच, फक्त मान एका बाजूला कललेली आणि शर्ट घामानं चिंब. मोबाइल त्यांच्या खिशातच होता. ना मला लावला, ना धाकट्याला. सांगितल्याप्रमाणे दार उघडून शांत बसून राहिले होते.

बाईंनी मला फोन केला. मी काउंटर तसाच टाकून धावले, चपला बदलायचंही सुचलं नाही. ॲम्ब्युलन्स मी बोलावली. रस्ताभर ड्रायव्हरला ओरडत होते, "तुम्ही आधी का नाही आलात? दिवा हिरवा होता ना?" तो बिचारा म्हणत होता, "बाई, आम्हाला आत्ताच कळलं."

जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, जीव वाचलाय, पण हृदयाचा बराच भाग गेला. "थोडं लवकर आणायला हवं होतं," असंही म्हणाले. त्यांनी सहज म्हटलं असेल. मी त्या हृदयाच्या हॉस्पिटलला, त्या पेटीला, त्या फोनवरच्या गोड पोरीला, सगळ्यांना जाहीर शिव्या घालायला सुरुवात केली. कुणालाही सोडणार नाही म्हणाले. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. म्हणाला, "ताई, त्यांना नको बोलूस. त्यांच्याकडे काही गेलंच नव्हतं."

"म्हणजे? दिवा?"

"दिवा मी केला हिरवा."

मला आधी कळेचना. मग त्यानं सांगितलं. दिवा हॉस्पिटलची पोच आली की हिरवा व्हायचा. यानं पेटीच्या प्रोग्राममधली एक ओळ बदलली. आता पेटी नुसती चालू असली आणि ठोके मोजत असली, की दिवा हिरवा. पलीकडे हॉस्पिटल तिला रोज नाकारतच होतं.

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. कॉरिडॉरमधली माणसं बघायला लागली, बघू देत. "अरे गाढवा, पेटीत शिरताच येत होतं तर तो मेला नंबरच का नाही बदललास? नवा आहे म्हणून सांगायचं ना त्यांना!"

"तो भाग सीलबंद असतो ताई. त्याला कंपनीची सही लागते. ते मला बदलता येत नाही." मग हळूच म्हणाला, "मीच तसं करून घेतलं होतं. दिव्याचा भाग तेवढा उघडा होता."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू बाबांना सांगितलं असतंस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि तो तिथेच खाली बसला. "मॅडम म्हणाल्या होत्या, पुढच्या आठवड्यात काहीतरी होईल. ते मरतील याची मला तितकी भीती नव्हती गं, ते झोपत नव्हते. मला बघवत नव्हतं. वाटलं, चार दिवस झोपू देत."

काय करायचं अशा माणसाचं? शिव्या द्यायच्या तर तोच मान खाली घालून बसलेला. पोलिसात द्यायचं तर भाऊ माझा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि खरं सांगू, त्या नारिंगी दिवसांत मला ती ओळ बदलता आली असती, तर मीही बदलली असती. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि दोघंही नर्स हाक मारेपर्यंत तसेच बसून राहिलो.

त्यानं ऑफिसात सगळं कबूल केलं. चौकशी लागली, ती अजून चालूच आहे. समितीची मंजुरीही अजून विचाराधीनच आहे. एक गोष्ट मात्र झाली. बाबा आता गंभीर रुग्ण झाले, त्यामुळे रांगेत भराभर वर सरकले. हॉस्पिटलातून त्यांना घरी आणल्यावर लगेच नवी पेटी आली. हसावं की रडावं?

पेटी बसवायला नवा माणूस आला होता. बाबा उशांना टेकून पडलेले, दोन वाक्यं बोलले की धाप लागते. तो माणूस सगळं तपासून झाल्यावर सामान भरायला लागला तशी बाबांनी त्याला जवळ बोलावलं. "त्या दिवशी," ते म्हणाले, "दुपारी ड्यूटीवर जो होता ना तुमचा... त्याला काही शिक्षा झाली का?"

तो माणूस गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला. मी आपली पडदा नीट करायला लागले.

"करू नका म्हणावं," बाबा म्हणाले. "लागतो एखाद्याचा डोळा. माझाही लागला होता एकदा पंपावर. टाकी वाहून रस्त्यात तळं. साहेबांनी पांघरूण घातलं म्हणून नोकरी राहिली. त्याला सांगा, माझा राग नाही."

"सांगतो," तो माणूस म्हणाला. भला असावा. नमस्कार करून गेला.

बाबा धाकट्याला म्हणाले, "तूही लक्ष ठेव रे. तुझ्या कंपनीची ओळख आहे तिकडे. त्या पोराची नोकरी जायला नको."

धाकटा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. मी त्याला डोळ्यांनी दटावत होते, गप्प बस, गप्प बस. आता सांगून काय मिळणार आहे? त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"बाबा, तिकडे कुणी नव्हतं," तो म्हणाला. "त्यांनी आपली पेटी कधीच बंद केली होती. दिवा मी लावला होता. तुम्ही झोपावं म्हणून."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुढे होऊन काहीतरी सारवासारव करणार होते, पण बाबांनी हात वर केला. समजलं होतं त्यांना.

"झोप लागत होती खरी," ते म्हणाले.

मग ते बाहेरच्या दाराकडे बघायला लागले. दार बंद होतं.

"दुखायला लागलं तेव्हा मी शर्ट बदलला रे," ते म्हणाले. "म्हटलं, चार लोक येणार. बटणं लागत नव्हती, तरी लावली. बाईंनी विचारलं, तर येतायत म्हणालो." थांबून त्यांनी श्वास घेतला. "मग मी कुणाची वाट बघत होतो?"

धाकटा वळून माझ्याकडे बघायला लागला, नेहमी मीच काहीतरी बोलून वेळ मारून नेते म्हणून. मी चहा ठेवते म्हणाले, आणि आत जाऊन नुसतीच उभी राहिले.